परीक्षेच्या भिंती

चित्रप्रदर्शनाचे उद्घाटन म्हटले, की काय डोळ्यांपुढे येते? फीत, कात्री, हार, पाहुण्यांचे लांबलेले भाषण आणि चित्रांकडे पाठ करून चाललेले चहापान! मुंबईत अशी उद्घाटने मी पुष्कळ पाहिली. बडोद्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला शाखेत पाहिले ते मात्र निराळे. तिथे भिंतीवर टांगलेली असते ती पोरांची परीक्षा.

ही शाखा 1950 सालची. विद्यापीठ तिच्याहून एकाच वर्षाने मोठे. चित्रकाराने बी. ए. वाल्यांसारखी पदवी घ्यावी, ही कल्पना तेव्हा पुष्कळांना चमत्कारिक वाटे. चित्रकलेचा विभाग उभा केला तो इंदुरास जन्मलेल्या ना. श्री. बेंद्र्यांनी, शिल्पाचा शंखो चौधरींनी. पुढे 1961 पासून तिथे जत्रा भरू लागली. तीत मास्तर आणि विद्यार्थी मांडीला मांडी लावून खेळणी करीत आणि गावाला विकीत. गावाशी असा घरोबा मुंबईच्या दालनांना कधी जमला नाही, हे आपले माझे मत.

मी वार्षिक प्रदर्शनाला गेलो, त्याला बरीच वर्षे झाली. बडोद्याचा उन्हाळा म्हणजे भट्टीच. मुले स्वतःच भिंतींना चुना फाशीत होती, खिळे ठोकीत होती. चार महिने जिथे काम केले तीच खोली झाडून तिचे दालन करीत होती. परीक्षक येऊन गेले आणि मग दारे सर्वांना उघडली. कोपऱ्यातले दुकानदार आले, शेजारच्या बायका आल्या. एका मुलीचे वडील थेट खानदेशातून आले होते. तिच्या छापचित्रासमोर ते बराच वेळ उभे राहिले.

"एवढे काळे कशाला केलेस, पोरी?"

"अण्णा, रात्र आहे ती."

"मग एखादा कंदील तरी काढायचास!"

मुलगी हसली, पण नंतर ती एकटीच त्या चित्रापुढे उभी असलेली मी पाहिली. परीक्षकांनी किती गुण दिले, देव जाणे. असा प्रश्न मात्र त्यांनी खास विचारला नसेल.

दार उघडे ठेवले, की कंदील मागणाराच येईल असे थोडेच आहे? मे 2007 मध्ये याच प्रदर्शनातल्या एका विद्यार्थ्याच्या चित्रांनी धार्मिक भावना दुखावल्या, असे म्हणत काही मंडळी आत शिरली. पोलिसांनी पकडले ते विद्यार्थ्यालाच! त्याच्या सोबत्यांनी उत्तरादाखल दुसरे प्रदर्शन मांडले: आपल्याच जुन्या शिल्पचित्रांतल्या शृंगाराचे नमुने. विद्यापीठाने ते बंद करावयास सांगितले. शाखेचा कारभार पाहणारे शिवाजी पणिक्कर यांनी नकार दिला आणि ते निलंबित झाले. मे 2022 मध्ये पुन्हा तसेच वादळ उठले आणि एका विद्यार्थ्याला विद्यापीठातून काढण्यात आले.

दोन्ही वेळा वर्तमानपत्रे मी चाळली. रकानेच्या रकाने भरले होते. कोण काय बोलले, कोणी कोणाचा निषेध केला, सारे तपशीलवार. त्या पोरांची रेषा बरी होती की वाईट, याविषयी मात्र एक ओळ माझ्या नजरेस पडली नाही.