पूल आणि फूल

सकाळी 7.15. दिल्ली, मयूर विहार फेज वन. बाई पिशवी भरतायत. छोटा आरसा, टिश्यू पेपर, जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्या, चित्रांची कार्डं. साबणाच्या फुग्यांची बाटली वीस रुपयांची, चार-पाच दिवसांत संपते. हा खर्च क्लिनिक देत नाही. बाई मूळच्या कोल्हापूरच्या, शिकल्या मुंबईत, लग्नानंतर इकडे आल्या. वाचा-उपचारतज्ज्ञ हे कागदावर. पालक म्हणतात, ‘स्पीचवाली मॅम’.

8.30. मेट्रोची ब्लू लाइन, नोएडा सिटी सेंटरपर्यंत. भाडं बत्तीस रुपये. ऑगस्ट 2025 पर्यंत तीस होतं. पुढे ई-रिक्षाचे वीस.

9.30. पहिली मुलगी चार वर्षांची. फुलाचं कार्ड दाखवलं की म्हणते, ‘पूल’. बाई टिश्यूची बोटभर पट्टी फाडून तिच्या ओठांसमोर धरतात. ‘प’ म्हटलं, पट्टी जागेवर. बाई स्वतः ‘फ’ म्हणतात, पट्टी उडते. मुलगी खिदळते आणि जोरात म्हणते, ‘पूल!’ पट्टी ढिम्म.

सगळा खेळ वेळेचा आहे. हिंदीत ‘प’साठी ओठ उघडले की जेमतेम दहा-पंधरा मिलिसेकंदांत गळा घुमायला लागतो. ‘फ’ला आधी वारा सुटतो, गळा सत्तरेक मिलिसेकंदांनी जागा होतो. ‘ब’मध्ये ओठ उघडायच्या आधीच गळा सुरू असतो. लिस्कर आणि अब्रॅमसन या दोघा अमेरिकनांनी 1964 मध्ये अकरा भाषांत हे अंतर मोजलं. त्यात हिंदी होती, मराठीही होती. मराठीचं नाव घेताना बाईंचा आवाज जरा चढतो.

जाताना मुलीची आई दारात थांबते. ‘मॅम, महिना हो गया.’ पुढचं बोलत नाही. एका सत्राचे आठशे रुपये, आठवड्यातून दोनदा. हिशेब बाईंनाही येतो.

11.00. अडीच वर्षांचा मुलगा. बॉलला ‘म्बॉल’ म्हणतो. बाई त्याचा तळवा आपल्या गळ्यावर ठेवतात, मग त्याच्याच गळ्यावर. ओठ मिटलेले असताना गळा घुमवायचा तर आतली हवा जाणार कुठे? तोंड भरलं की घुमणं बंद पडतं. हा पठ्ठ्या ती नाकातून सोडतो, म्हणून आधी ‘म’ लागतो. वडील विचारतात, काढायचा का तो ‘म’? बाई म्हणतात, राहू द्या. ‘ब’ नीट जमायला लागला की आपोआप गळून जाईल.

12.15. आजचं सगळ्यात अवघड प्रकरण, आणि त्यात मुलाचा काही दोष नाही. पाच वर्षांचा आहे. ‘भाई’ला ‘पाई’ म्हणतो, म्हणून शाळेतून चिठ्ठी आली. सोबत आई आणि दादी. आई लखनौची, तिचा ‘भ’ खणखणीत. बाई दादींना घोड्याचं चित्र दाखवतात. दादी म्हणतात, ‘कोडा’. पण सूर खाली उतरवून. त्यांच्या पंजाबीत शब्दाच्या सुरुवातीचे घ, ध, भ असेच झालेत. श्वास गेला, त्याच्या जागी सूर आला. नातू दिवसभर दादींपाशी असतो. त्यांच्याकडून तो चोख शिकलाय.

दादींचा चेहरा पडतो. बाई खुर्ची पुढे ओढतात. ‘दादीजी, आपकी बोली एकदम सही है. इसे दोनों आएँगी.’ शाळेसाठी दोन ओळींचं पत्र लिहून देतात. उपचार नको. मला विचाराल तर दिवसातलं सगळ्यात मोलाचं काम हेच, आणि त्यानंच एक नेमाचं गिऱ्हाईक गेलं.

1.30. पोळी, बटाट्याची भाजी. डबा मांडीवर.

2.00. लॅपटॉपवर ‘प्रात’. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोघांनी बनवलेला प्रोग्रॅम, फुकट मिळतो. सकाळच्या मुलीचं रेकॉर्डिंग उघडतात. ओठ उघडले तिथे टोकदार रेघ, गळा सुरू झाला तिथून लाटा. मधली जागा माउसनं निवडायची, आकडा वहीत. पूल : 14, 17, 12. फूल : 26, 29, 24. बाई मला हेडफोन देतात. मला सगळे ‘पूल’च ऐकू येतात. म्हणजे मुलगी फरक करतेय, पण तो आपल्या कानाला पुरेसा नाही. मॅकन आणि बार्टन यांनी 1980 मध्ये इंग्रजी शिकणाऱ्या मुलांत हेच टिपलं होतं. बाई आलेखाचा फोटो मुलीच्या आईला पाठवतात. खाली लिहितात, ‘हो रहा है. बंद मत कीजिए.’ या तासाभराचे पैसे नाहीत.

4.00 ते 6.00. आणखी दोन मुलं. एक रडतं, एक फुग्यांची बाटली सांडतं.

6.00. तिसरं येणार होतं. सव्वासहाला फोन येतो, उड्डाणपुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलोय, आज राहू द्या.

7.40. घर. आठशेतले चारशे बाईंचे, बाकीचे क्लिनिकचे. पाच मुलांचे दोन हजार झाले, त्यातून मेट्रोचे चौसष्ट आणि रिक्षाचे चाळीस गेले. न आलेल्या मुलाचे पैसे मिळत नाहीत.