दोन टरेट, दोन स्पिंडल आणि थांबण्याचा हिशेब

सीएनसी मशीनचा प्रोग्राम आता एआय लिहिणार, ही बातमी भोसरी-चाकणपासून शिरोलीपर्यंत सगळ्या कारखानदारांनी एव्हाना वाचली असेल. बातमी खोटी नाही. लंडनच्या क्लाउडएनसी कंपनीचं २०२३ मध्ये आलेलं ‘कॅम असिस्ट’ जॉबचं मॉडेल पाहून टूल आणि टूलपाथ सुचवतं. पण त्याची सुरुवात झाली ती तीन अक्षांच्या मिलिंगपासून, आणि ते साहजिकच होतं. तिथे एका वेळी एकच टूल कापत असतं. या तंत्राचा खरा कस लागेल तो ट्विन स्पिंडल, ट्विन टरेट लेथवर.

या लेथवर जॉबची पहिली बाजू मुख्य स्पिंडलवर होते. मग समोरून सब-स्पिंडल येतो, फिरता जॉब फिरता असतानाच पकडतो, पार्टिंग टूल तो बारपासून तोडतं आणि दुसरी बाजू तिकडे सुरू होते. इकडे बार फीडरने पुढचा बार सरकवलेला असतो. समजा, पहिल्या बाजूला ७० सेकंद लागतात, दुसरीला ५० आणि जॉब हातबदल करायला ८. सायकल टाइम पडतो ७८ सेकंद, कारण सब-स्पिंडल २० सेकंद नुसता बसून असतो. पहिल्या बाजूचं १० सेकंदांचं आडवं भोक दुसऱ्या बाजूला ढकललं, की दोन्हीकडे ६०-६० आणि सायकल ६८ वर येते. आठ तासांच्या पाळीत, मशीन अखंड चाललं असं धरून, ३६९ ऐवजी ४२३ जॉब. टूलपाथ तोच, इन्सर्ट तेच. फक्त काम इकडचं तिकडे गेलं.

अर्थात ड्रॉइंगने परवानगी दिली तरच. त्या भोकाचा कोन पहिल्या बाजूच्या खाचेशी बांधलेला असेल, तर जॉब पकडताना दोन्ही स्पिंडलचा नुसता वेग जुळून भागत नाही, कोनही जुळावा लागतो.

कॅम सॉफ्टवेअरच्या पडद्यावर हे सगळं दोन आडव्या पट्ट्यांसारखं दिसतं. ठोकळे सरकवा, पट्ट्या सारख्या करा, सायकल टाइम खाली येतो. प्रात्यक्षिकात विक्रेता हाच पडदा सर्वात जास्त वेळ दाखवतो. माझा विश्वास याच पडद्यावर सर्वात कमी आहे.

कारण दोन टरेट एकाच स्पिंडलवर लावले, की मालक दोन आणि नोकर एक अशी गत होते. एक टरेट ४० मिमी व्यासावर बाहेरून टर्निंग करतोय, कटिंग स्पीड मिनिटाला २०० मीटर. त्यासाठी स्पिंडलला सुमारे १५९० आवर्तनं हवीत. त्याच वेळी दुसरा टरेट मधोमध १० मिमीचं कार्बाइड ड्रिल घालतोय, त्याला ८० मीटर हवेत. १५९० वर मिळतात ५०. बरं, बाहेरच्या टूलसाठी जी९६, म्हणजे कटिंग स्पीड कायम राखणारा कोड, लावलेला असेल, तर ते १६ मिमीच्या पायरीवर उतरताच स्पिंडल ४ हजारांजवळ पोहोचतो आणि ड्रिलला सव्वाशे मीटर सोसावे लागतात. टॅप असता तर विचारायलाच नको.

मग प्रोग्रॅमर जी९७ लावून, म्हणजे आवर्तनं कायम ठेवून, तडजोड करतो. २००० आवर्तनं धरली, की ड्रिलला ६३ मीटर, बाहेरच्या टूलला ४० मिमीवर २५१ आणि १६ मिमीवर १००. कुणीच खूश नाही, पण काम चालतं. रफिंग असेल तर चालतं. फिनिशिंग चालू असताना दुसरीकडून ड्रिल घातलं तर पृष्ठभागावर थरथरीच्या खुणा उमटू शकतात, आणि पडद्यावरच्या पट्ट्यांमध्ये त्या दिसत नाहीत. म्हणून जाणते प्रोग्रॅमर फिनिशिंगच्या वेळी दुसरा टरेट मुद्दाम रिकामा उभा करतात. सॉफ्टवेअरला तो वेळ वाया गेलेला वाटतो.

उलट काही जॉबना दोन टूल एकदम लागलेलीच बरी. लांब, बारीक शाफ्टवर समोरासमोरून सारखा काप घेतला तर एकाचा दाब दुसरा बराचसा पेलतो आणि शाफ्ट कमी वाकतो.

आता मुद्द्याचं. दोन टरेटचे प्रोग्राम दोन वेगळ्या चॅनलमध्ये धावतात आणि ठरलेल्या जागी एकमेकांसाठी थांबतात. फॅनकवर त्यासाठी ठरावीक एम-कोड, ओकुमावर पी-कोड, सीमेन्सवर वेटएम. समांतर चालणाऱ्या दोन कामांनी एकमेकांची वाट कशी पाहावी, हा प्रश्न डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डायक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात सोडवायला घेतला होता. तिथे संगणक अडकून पडायचा. इथे एका चॅनलमध्ये कोड लिहायचा राहिला, तर दुसरा चॅनल नुसता उभा राहतो. ऑपरेटर वैतागतो, नुकसान मिनिटांचं. पण थांबायचंच दोन्हीकडे राहून गेलं, तर पहिला टरेट बाजूला होण्याआधी सब-स्पिंडल पुढे येतो आणि धडक होते.

कॅमचं सिम्युलेशन ही धडक आधी दाखवू शकतं, आणि एवढ्यासाठी ते विकत घ्यायला माझी हरकत नाही. अट एकच: पडद्यावरचं मशीन तुमचंच असलं पाहिजे. चक, जॉज, टूल होल्डर खऱ्या मापाचे हवेत. त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे पोस्ट प्रोसेसर, जो टूलपाथ मशीनच्या भाषेत उतरवतो. कंट्रोल तोच फॅनक असला, तरी सब-स्पिंडलचा चक उघडायचा किंवा दोन स्पिंडल जोडायचे एम-कोड प्रत्येक मशीन उत्पादक आपले आपण ठरवतो. ही माहिती मॅन्युअलमध्ये असते, पॅरामीटरमध्ये असते, आणि पुष्कळदा फक्त जुन्या प्रोग्रॅमरच्या पेन ड्राइव्हमध्ये असते. एआय ती कुठून शिकणार, हे मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही.

तोवर मशीन आणि कॅम एकत्र घेणाऱ्यांनी विक्रेत्याच्या नमुना जॉबवर समाधान मानू नये. आपल्याच ड्रॉइंगचा, दोन्ही चॅनलचा कोड आपल्याच मशीनसाठी काढून मागावा. त्यात थांब्यांचे कोड जोडीने आहेत का, पार्टिंगनंतर जॉब खरोखर तुटल्याची तपासणी आहे का, हे आपल्या सेटरला वाचू द्यावं. पोस्ट दुरुस्त करून देण्याचे पैसे कोटेशनमध्ये धरलेत की नंतर वेगळे लागणार, हेही तेव्हाच लिहून घ्यावं.