मोबाईलचं आयपी रेटिंग बघता, मग गोठ्यातल्या बोर्डाचं काय? घराबाहेरच्या वायरिंगची सोप्या भाषेत माहिती

नवीन फोन घेताना आपण पहिला प्रश्न विचारतो, "आयपी६८ आहे का?" म्हणजे खिशातला फोन पावसात भिजला तरी चालला पाहिजे. पण त्याच घराच्या मागे गोठ्यात पत्र्याखाली लटकणारा लाकडी बोर्ड, त्यावरचं उघडं सॉकेट आणि चिकटपट्टी गुंडाळलेला जॉइंट यांच्याकडे कुणी बघत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वायरमन नाही. पण गावाकडे बुलढाणा जिल्ह्यात गेलो की चिखली असो, मेहकर असो की देऊळगाव राजा, एक गोष्ट सारखी दिसते. गोठ्यात आता फक्त एक बल्ब राहिला नाही. कडबा कुट्टी आली, पाण्याची मोटर आली, सिमवर चालणारा सीसीटीव्ही कॅमेरा आला आणि फोनचं चार्जिंगही तिथेच. वायर मात्र तीच, बल्बसाठी ओढलेली. आणि पहाटे अंधारात ओल्या जमिनीवर उभं राहून बटण दाबणारी व्यक्ती बहुतेक वेळा आपली आई किंवा आजी असते. म्हणून हा लेख.

आधी हे समजून घ्या: एमसीबी माणसाला वाचवत नाही

"आमच्याकडे एमसीबी आहे, काही होत नाही," हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. एमसीबीचं काम वायर वाचवणं आहे. १६ अँपिअरची एमसीबी १६ पेक्षा बराच जास्त करंट गेला तरच पडते. माणसाच्या शरीरातून २३० व्होल्टचा करंट गेला तर तो साधारण ०.१ ते ०.२ अँपिअर असतो. जीव जायला तेवढा पुरतो, पण एमसीबीला तो दिसतही नाही.

माणसासाठी असते ती आरसीसीबी. फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच ती सतत मोजते. फरक पडला म्हणजे करंट कुठेतरी जमिनीत चाललाय, कदाचित कुणाच्या तरी अंगातून. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी अशा वेळी सेकंदाच्या छोट्याशा भागात लाईन तोडते. दुकानात मागताना "३० मिलिअँपिअर" हे शब्द नक्की बोला, कारण १०० आणि ३०० वाल्याही मिळतात. त्या आगीपासून संरक्षणासाठी असतात, माणसासाठी नाही.

अर्थिंग आहे, मग आरसीसीबी कशाला?

आपली काळी जमीन पावसाळ्यात ओली असते, पण मे महिन्यात तिला भेगा पडतात. कोरड्या मातीत अर्थिंगच्या रॉडचा रोध खूप वाढतो. समजा तो २० ओहम झाला. मोटरच्या बॉडीला फेज लागला तर २३० भागिले २०, म्हणजे सुमारे ११.५ अँपिअर करंट जमिनीत जाईल. १६ ची एमसीबी पडणार नाही आणि मोटरची बॉडी तशीच जिवंत राहील. आरसीसीबी मात्र लगेच पडेल. म्हणून दोन्ही हवं, एकाला दुसरं पर्याय नाही.

गोठ्याला स्वतःचं अर्थिंग द्या, शक्यतो पाणी सांडतं त्या ओलसर जागी. लोखंडी खांब, पत्र्याचा सांगाडा, पाण्याचा पाईप हे सगळं त्याला जोडून घ्या. जनावर चार पायांवर ओल्यात उभं असतं, पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असतं. त्यामुळे जमिनीत उतरलेला करंट त्याच्या अंगातून सहज जातो. गाय एखाद्या जागी जायला किंवा टाकीचं पाणी प्यायला अचानक बिचकत असेल, तर एकदा वायरिंग तपासून घ्या.

आणि एक जुगाड आजच बंद करा. न्यूट्रल नाही म्हणून एक वायर फेजची आणि दुसरी अर्थिंगच्या रॉडला, असा बल्ब काही ठिकाणी चालवतात. तो रॉडचा जोड सुटला की ती वायर हातात धरणारा माणूसच न्यूट्रल होतो.

किती जाड वायर? थोडं गणित करू

घरापासून गोठा ६० मीटर, आणि तिथे २ एचपीची सिंगल फेज कडबा कुट्टी. ती साधारण १० अँपिअर घेते. करंट जातो आणि परत येतो, म्हणून तांब्याची लांबी धरायची १२० मीटर.

- १.५ चौरस मिमी: रोध सुमारे १.६ ओहम, चालताना १६ व्होल्ट कमी
- २.५ चौरस मिमी: सुमारे ०.९६ ओहम, जवळपास १० व्होल्ट कमी
- ४ चौरस मिमी: सुमारे ०.६ ओहम, ६ व्होल्ट कमी

१६ व्होल्टने काय होतं, असं वाटेल. पण मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते. ५० अँपिअरला १.५ च्या वायरमध्ये ८० व्होल्ट वाटेतच संपतात. मोटरला मिळाले १५०. मग ती नुसती घूंऽऽ करते, फिरत नाही आणि वाइंडिंग जळतं. आपण म्हणतो, "मोटर खराब निघाली."

दुसरा धोका याहून मोठा आहे. गोठ्याच्या टोकाला शॉर्ट झाला तर १.५ च्या वायरमधून जास्तीत जास्त १४४ अँपिअर जातील. १६ अँपिअरची 'सी' प्रकारची एमसीबी ८० ते १६० अँपिअरच्या दरम्यान झटक्यात पडते. म्हणजे ती लगेच पडेलच याची खात्री नाही, आणि तेवढ्या वेळात वायर तापत राहते. शेजारी सोयाबीनच्या कुटाराचा ढीग असेल तर पुढचं सांगायला नको. ४ ची वायर टाकली तर तोच करंट ३८० च्या आसपास जातो आणि एमसीबी नक्की पडते.

म्हणून या उदाहरणात ४ चौरस मिमी तांबं आणि १६ ची सी एमसीबी. एमसीबी आणि आरसीसीबी घराच्या टोकाला लावा, म्हणजे मधली केबलही सुरक्षित राहते.

वायर कुठून न्यायची?

जमिनीतून न्यायची असेल तर आर्मर्ड केबल घ्या, म्हणजे आत लोखंडी तारांचं चिलखत असलेली. पाऊण मीटर, म्हणजे साधारण अडीच फूट खोल चर, खाली-वर वाळू, त्यावर विटा. नांगर, जेसीबी आणि उंदीर तिघांपासून बचाव. चिलखतालाही अर्थिंग द्यायचं. मध्ये जॉइंट नको.

वरून न्यायची असेल तर मजबूत खांब, स्वतंत्र आधाराची तार, आणि कुटाराने भरलेली ट्रॉली खालून आरामात जाईल एवढी उंची. कपडे वाळत घालायच्या तारेला किंवा कुंपणाला वायर बांधायची नाही. घराच्या आतली साधी वायर उन्हात टाकू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं. बाहेरून काळं आवरण असलेली, बाहेरच्या वापराची केबल मागा.

बोर्ड आयपी६५ चा झाकणवाला घ्या. ६ म्हणजे आत धूळ जात नाही, ५ म्हणजे पाण्याचा फवारा चालतो. वायर खालच्या बाजूने आत घ्या आणि आत जाण्याआधी तिला खाली एक झोल ठेवा. वायरवरून घरंगळणारं पाणी तिथेच टपकतं, बोर्डात शिरत नाही.

फोनवर अस्सल-नकली तपासा

वायर, एमसीबी यांवर आयएसआय चिन्ह असतं. वर मानक क्रमांक (घरगुती पीव्हीसी वायरसाठी आयएस ६९४), खाली 'सीएम/एल' ने सुरू होणारा लायसन्स नंबर. बीआयएस केअर ॲप उघडा, तो नंबर टाका. कंपनीचं नाव आणि लायसन्स चालू आहे की नाही ते दिसतं. पैसे देण्याआधी, दुकानातच बघा.

काम कोण करणार?

परवानाधारक वायरमन. हा लेख वाचून स्वतः बोर्ड उघडू नका. तुमचं काम योग्य सामान निवडणं, योग्य प्रश्न विचारणं आणि झाल्यावर तपासणं. वावरातल्या वेगळ्या जागेसाठी घरच्या मीटरवरून लाईन ओढण्याआधी महावितरणच्या कार्यालयात विचारा. तार तुटून पडली असेल तर जवळ जाऊ नका, १९१२ वर फोन करा.

कुणाला करंट लागला तर आधी मेन स्विच बंद करा. त्याआधी माणसाला हात लावायचा नाही. मग १०८ ला फोन.

आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं टेस्टचं बटण असतं. फोनमध्ये दर महिन्याच्या १ तारखेचं रिमाइंडर लावा आणि ते दाबा. आरसीसीबी पडली तर ठीक. पडली नाही तर त्याच दिवशी बदलून घ्या. आणि हे बटण आईलाही दाखवून ठेवा.