कायद्याची पुस्तके वाचावीत कशी?



माण, खटाव, जत, आटपाडी अशा दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तालुक्यांतून कितीतरी मुले-मुली कायदा शिकण्यासाठी साताऱ्यास आणि सांगलीस येतात. साताऱ्यास इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज आहे, सांगलीस एन. एस. सोटी लॉ कॉलेज आहे. कुणी बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम घेतो, कुणी पदवीनंतर तीन वर्षांचा. ह्यांतील पुष्कळांच्या घरची माणसे कोर्टाची पायरी चढलेली असतात, पण ती पक्षकार म्हणून. काळा कोट घालून ती पायरी चढणारे हे घरातले पहिलेच.

मी स्वतः कायद्याचा प्राध्यापक नव्हे. परंतु बी. ए. होऊन तिकडे गेलेली आमची मुले सुट्टीत भेटतात, तेव्हा बहुतेकांची तक्रार एकच असते. ‘‘सर, वाचून सरतच नाही हो!’’ मुले आळशी नाहीत. रात्र-रात्र जागतात. मग अडते कुठे? आजच्या भाषणात मला ह्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम हे ओझे केवढे आहे ते पाहू. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिची कलमे ३५८. फौजदारी कामकाज कसे चालावे हे सांगणाऱ्या नागरिक सुरक्षा संहितेची कलमे ५३१, आणि पुराव्याच्या नव्या कायद्याची १७०. नवे आले म्हणून जुने टाकून द्यावे, तर तेही जमत नाही. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना १८६० ची दंड संहिताच लागू पडते, आणि दीडशे वर्षांचे निकाल जुन्याच कलमांच्या आकड्यांनी लिहिलेले आहेत. आपण लबाड माणसाला ‘चारसोवीस’ म्हणतो ना? ती फसवणूक आता ३१८ व्या कलमात गेली. खुनाच्या शिक्षेचे ३०२ आता १०३ झाले. शिवाय करार, मिळकत, संविधान, दिवाणी प्रक्रिया हे सारे आहेच. आणि बरीचशी पुस्तके इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेला मुलगा पहिल्या पानावर दहा शब्दांना अडतो, आणि पन्नास पाने वाचायची ठरवून पाचांवरच झोपी जातो.

अशा वेळी मुले दोनांपैकी एक वाट धरतात. काही जण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारे सारख्याच नेटाने वाचू पाहतात. काही जण मूळ कायदा बाजूला ठेवून बाजारातील गाईड घोकतात. पहिल्या वाटेने ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ अशी गत होते. दुसरीने परीक्षा सुटते, पण वकील तयार होत नाही. कायदा कादंबरीसारखा वाचायचा नसतो आणि पाढ्यांसारखा पाठही करायचा नसतो. प्रश्न हातात धरून वाचला तरच तो हाती लागतो.

एक कलमच घेऊन बघू. चोरीची व्याख्या नव्या संहितेच्या ३०३ व्या कलमात आहे. वाक्य लांबलचक आहे, पण पेन्सिल घेऊन तोडले तर पाच तुकडे पडतात. वस्तू जंगम हवी. ती दुसऱ्याच्या ताब्यात हवी. त्याची संमती नसावी. घेणाराचा हेतू अप्रामाणिक असावा. आणि त्या हेतूने त्याने ती वस्तू हलवलेली असावी. पाचांतला एक जरी नसला, तरी ती चोरी नव्हे. आता स्वतःला विचारावे, शेजाऱ्याच्या बांधावरचे झाड जमिनीत रुजलेले आहे, मग ते जंगम कसे? उत्तर कलमाखालच्या स्पष्टीकरणात आणि उदाहरणात दिलेले आहे. झाड उभे असेपर्यंत ते जमिनीचा भाग. नेण्याच्या हेतूने तोडून जमिनीपासून वेगळे केले, की त्याच क्षणी चोरी झाली. उसाच्या फडाला हाच नियम लावून पाहावा. असे एक कलम अर्ध्या तासात समजते आणि पुन्हा घोकावे लागत नाही. म्हणून पहिला नियम असा की आधी मूळ कायद्याचे पुस्तक, म्हणजे मुले ज्याला ‘बेअर ॲक्ट’ म्हणतात ते, त्यानंतर टीकाग्रंथ, आणि गाईड सर्वांत शेवटी, उजळणीपुरते.

आता निकालपत्रांकडे वळू. ती कधी शंभर-शंभर पानांची असतात, आणि सर्वांत जास्त वेळ तीच खातात. निकालपत्र वाचताना चार गोष्टी शोधाव्यात: हकीकत काय, न्यायालयापुढे प्रश्न कोणता, उत्तर काय दिले, आणि त्याचे कारण काय. हे चार मुद्दे वहीच्या एका पानावर, आपल्या शब्दांत, मराठीत लिहावेत. बाकीचा मजकूर भरभर चाळला तरी चालतो.

परंतु एक पाचवी गोष्ट विसरून चालणार नाही: हा निकाल आज टिकून आहे काय? आपल्या घराघरांत येणारे उदाहरण देतो. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. पण त्या दिवशी वडील हयात नसतील तर? प्रकाश विरुद्ध फुलवती ह्या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वडील हयात असणे आवश्यक धरले होते. पुढे ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी ते मत बाजूला सारले. हा हक्क मुलीला जन्माने मिळतो, म्हणून वडील त्या दिवशी हयात असण्याची जरूर नाही, असे त्यांनी सांगितले. आता विचार करा. ज्याने २०१५ चाच निकाल वाचला, तो दारी आलेल्या बहिणीला ‘‘ताई, तुमचा हक्क नाही’’ म्हणून परत पाठवील. आणि ज्याने कलमाचे परंतुक वाचले नाही, तो दुसऱ्या बाजूला चुकेल. कारण २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेले वाटप त्या दुरुस्तीने मोडत नाही. नुसते तोंडी वाटप झाल्याचे सांगून मात्र सहसा भागत नाही. असे हे वाचन आहे. ह्यात केवळ गुण जात नाहीत, कुणाची तरी जमीन जाते.

वेळेचे कसे करावे? रोज दोन तास, पण ठरलेले. त्यात एका विषयाची तीन-चार कलमे आणि एक निकाल, एवढेच. दुसऱ्या दिवशी पहिली दहा मिनिटे पुस्तक मिटून कालचे आठवावे. आठवत नाही तेवढेच पुन्हा पाहावे. एस. टी.च्या प्रवासात जाड ग्रंथ उघडू नये, त्या वेळी वहीचे पान पुरे. वहीत जुन्या आणि नव्या कलमांचे आकडे शेजारी-शेजारी मांडावेत. अडलेल्या शब्दांसाठी भाषा संचालनालयाचा ‘न्यायव्यवहार कोश’ जवळ असू द्यावा. चौघांनी मिळून निकाल वाटून घ्यावेत आणि रविवारी एकमेकांना सांगावेत. मात्र मूळ कलम प्रत्येकाने स्वतःच वाचावे. ते काम दुसऱ्यावर सोपवता येत नाही.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक विनंती आहे. ह्या वाचनाची तयारी लॉ कॉलेजात नव्हे, तुमच्या वर्गात होते. आठवीच्या मुलांपुढे गावचा एखादा सात-बाराचा उतारा ठेवा. नाव कुणाचे, क्षेत्र किती, इतर हक्कांत काय नोंदले आहे, हे त्यांना शोधू द्या. धड्यातील एका परिच्छेदाचा आशय तीन वाक्यांत सांगावयास लावा. प्रश्न धरून वाचण्याची सवय तिथे लागली, तर पुढे पाचशे पानांचे भय वाटत नाही.

उशीर झाला म्हणून कुणी खचू नये. साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे ऐन तारुण्यापर्यंत जवळजवळ निरक्षर होते, आणि मग काशीस जाऊन शिकले, असे परंपरेने सांगतात. पुढे पेशव्यांच्या दरबारात न्यायाधीश झाल्यावर, १७७३ मध्ये नारायणरावांचा वध झाला तेव्हा, त्यांनी प्रत्यक्ष राघोबादादांना दोषी ठरविण्यास मागेपुढे पाहिले नाही.

आईबापांनीही एवढे ध्यानात घ्यावे, की मुलगा वा मुलगी पुस्तक मिटून डोळे लावून बसली, तर तो नेहमीच आळस नसतो. वाचलेले मनात लावण्याचे कामही अभ्यासच असते. तेवढी घटकाभर शांतता तिला घरात मिळू द्या. उद्या तुमच्याच गावची एखादी बहीण कागद घेऊन तिच्या दारी येईल, तेव्हा तो कागद नीट वाचणारे माणूस तिला भेटले पाहिजे.