हौसेची गाडी विकून डिझेल घ्यावी का?

हौसेने घेतलेली दमदार पेट्रोल गाडी खिशाला जड होऊ लागली की घरात विषय निघतोच, ‘ही विकून डिझेल घेऊ या.’ पण आधी कागद-पेन्सिल घ्या.

समजा, ऑफिसचे जाणे-येणे महिन्याला १,००० किलोमीटर आहे. लिटरला १२ किलोमीटर जाणाऱ्या गाडीला ८३ लिटर पेट्रोल लागेल; २० किलोमीटर जाणारीला ५० लिटर डिझेल. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० रुपये धरले, तर बचत सुमारे ४,१०० रुपये. गाडी बदलताना वर ४ लाख घालावे लागले, तर ते वसूल व्हायलाच आठ वर्षे जातील.

शिवाय बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ राहण्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग धावावी लागते. सिग्नलच्या गर्दीत तो तुंबतो. दिल्ली परिसरात तर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने १० वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली होती.

रोज ८० किलोमीटर महामार्गावरून जायचे असेल तर डिझेल जरूर घ्या, पैसे चार वर्षांत सुटतील. नाहीतर आहे तीच गाडी नीट सांभाळा, टायरमधली हवा वेळच्या वेळी तपासा आणि वाटेवरच्या सहकाऱ्याला सोबत घेऊन पेट्रोलचा खर्च वाटून घ्या.