कामगाराच्या सायकलवरील ओझे

तळेगाव दाभाडे येथून चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळची पाळी गाठण्यासाठी सायकल हाकणारा कामगार आजही दिसतो. मोटारसायकलींच्या लोंढ्यात त्याची संख्या पूर्वीच्या मानाने फारच थोडी उरली आहे, हे खरे. परंतु त्याच्या सायकलीकडे क्षणभर निरखून पाहिले, तर त्याच्या नोकरीविषयी बरेच काही कळते. हँडलला डब्याची पिशवी, कॅरिअरच्या स्प्रिंगखाली दाबलेला रेनकोट, जुन्या ट्यूबची पट्टी कापून तिने आवळलेले कारखान्यातले जड बूट, दांडीला लोंबणारी पाण्याची बाटली. परतताना यात भाजीची भर पडते, आठवड्याला एखादे दळण असते आणि कधी गॅसचा सिलिंडरही. सिलिंडरमध्ये वायू 14.2 किलो असला तरी पोलादी टाकीसह त्याचे वजन तीस किलोच्या घरात जाते. म्हणजे खुद्द सायकलीहून अधिक.

हा विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत मजुरीचा विचार पुष्कळ आहे, प्रवासखर्चाचाही आहे. कामगार रोज जे सामान वाहून नेतो त्याचा मात्र कोठे हिशेब नाही. 2011 च्या जनगणनेत शेती व घरगुती उद्योगांबाहेर काम करणाऱ्यांना कामाचे ठिकाण किती दूर आणि जाण्याचे साधन कोणते, हे विचारले गेले. त्यातून देशात सुमारे 2 कोटी 60 लाख माणसे सायकलीने कामावर जातात, असे निष्पन्न झाले. अंतर विचारले, वाहन विचारले. ओझे विचारले नाही. वस्तुतः हे ओझे म्हणजे कारखान्याने काय पुरवले नाही, याचीच यादी असते. उपाहारगृह असेल आणि तेथील दर परवडत असतील, तर डबा घरी राहतो. बूट ठेवायला कुलुपाचा कप्पा असेल, तर ते रोज ने-आण करावे लागत नाहीत. एका बाजूची बचत दुसऱ्या बाजूच्या पाठीवर पडते, एवढेच.

तळेगावात या वाहतुकीची एक निराळी तऱ्हाही आहे. गावभाग आणि स्टेशनभाग एकमेकांपासून दूर. त्यामुळे पुणे-लोणावळा लोकल 1978 मध्ये सुरू झाल्यानंतर घरापासून स्टेशनापर्यंत सायकल आणि पुढे चिंचवड-पिंपरीपर्यंत गाडी, असा अनेकांचा क्रम ठरून गेला. सायकल कशी लादावी याचे शहाणपण ज्यांना ऐकवावेसे वाटते, त्यांनी हा क्रम ध्यानात घेतला पाहिजे. हँडलला अडकवलेली पिशवी वळताना झोल खाते, एका अंगाला ओढते आणि कधी चाकाच्या आऱ्यांतही जाते, हे सायकलस्वाराला कोणी शिकवावे लागत नाही. वजन मागे, खाली आणि दोन्ही अंगांना सारखे असावे, हा नियम दूधवाल्याने केव्हाच अमलात आणला आहे. त्याच्या कॅरिअरच्या दोहो बाजूंस आकड्यांनी टांगलेल्या किटल्या पाहाव्यात; याहून शास्त्रशुद्ध मांडणी कोणत्याही परदेशी पिशवीत सापडणार नाही. मग नोकरदार हँडलचीच पिशवी का पत्करतो? सायकलतळावर सायकल ठेवता येते, सामान ठेवता येत नाही. लोकल फलाटाला लागत असताना गाठी सोडत बसायला सवड नसते. पिशवी एका हिसक्यात हाती येते. तेव्हा याला अडाणीपणा म्हणू नये. अपुऱ्या सोयींत काढलेला तो सर्वांत कमी तोट्याचा मार्ग आहे.

चाकणकडील मार्गावर मात्र हाच तोटा जिवावर बेतू शकतो. इंदोरी, सुदुंबरे, खालुंब्रे, महाळुंगे अशी गावे घेत जाणारा हा वीसएक किलोमीटरचा रस्ता गेल्या काही दशकांत कारखान्यांनी आणि गोदामांनी गजबजला. कंटेनर, ट्रेलर आणि कामगारांच्या बसेस यांच्या रांगेत सायकलस्वाराच्या वाट्याला येते ती साइडपट्टी. आणि ती जेथे खचलेली वा खडीने भरलेली असते, तेथे त्याला डांबरावर यावे लागते. रिकामी सायकल अशा कडेवरून कशीबशी सावरता येते. पुढे पिशवी झुलत असेल तर चाक हातचे सुटते, आणि मागून येणाऱ्या ट्रेलरला थांबायला अंतर उरत नाही. कायम कामगारांना पुष्कळदा कंपनीची बस असते. कंत्राटी कामगाराला ती मिळेलच असे नाही. साहजिकच जास्त ओझे आणि कमी मजुरी ही एकाच माणसाच्या वाट्याला येतात.

मावळातला पाऊस तर या सर्वांवर कडी करतो. भिजलेला रेनकोट आणि ओली विजार घेऊन आलेल्या माणसाने आठ तास यंत्रापुढे उभे राहायचे आणि संध्याकाळी तेच ओले कपडे पुन्हा अंगावर चढवायचे! कायद्याला हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमातील 43 व्या कलमात कामाच्या वेळी न वापरायचे कपडे ठेवण्यासाठी आणि ओले कपडे वाळवण्यासाठी जागेची तरतूद होती. पण ती कोणत्या कारखान्यांना लागू करायची हे राज्य सरकारच्या नियमांवर सोपवले होते. उपाहारगृहाची सक्ती 250 हून अधिक कामगारांच्या कारखान्यांपुरती होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या नव्या श्रमसंहितेने ही मर्यादा कंत्राटी कामगार धरून 100 वर आणली आहे आणि कपडे वाळवण्याच्या जागेचा उल्लेखही कायम राखला आहे. कागदावर ही सुधारणा निश्चितच आहे. खुंट्यांची एक रांग, वारा खेळेल असे एक छप्पर आणि कुलुपाचे कप्पे, याला कारखान्याच्या भांडवलात असा किती खर्च येतो? एकेका पैशाच्या वर्गणीतून 1908 साली काच कारखाना उभा केलेल्या तळेगावला तरी लहान रकमांचे मोल नव्याने सांगावे लागू नये.

सरकारने 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलींवरील वस्तू व सेवा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आणला. सायकल त्यामुळे थोडी स्वस्त झाली असेल. पण दुकानात आज ज्या सायकली पुढे मांडलेल्या असतात, त्यांतील बहुतेकांना कॅरिअर नसते, कित्येकींना मडगार्ड आणि चेनकव्हरही नसते. व्यायामासाठी सायकल घेणाऱ्याला त्यांची गरज भासत नाही. कामावर जाणाऱ्याने ते निराळे पैसे मोजून बसवून घ्यायचे, किंवा मुलाने टाकलेली बिनकॅरिअरची सायकल घेऊन सारे ओझे पाठीवर मारायचे. अनेकजण दुसरा मार्ग पत्करतात. बंदाखाली घामाने सदरा चिकटतो, खांदे अवघडतात, आणि फाटकातून आत शिरण्यापूर्वीच अर्धी पाळी झाल्यासारखे वाटते. हजेरी मात्र त्यानंतर लागते.