डाग नाही, तरी गळती

इंधनगळती म्हणजे टाकीपासून इंजिनापर्यंतच्या मार्गातून पेट्रोल किंवा डिझेल बाहेर पडणे. गाडीखाली डाग नाही म्हणजे गळती नाही, असा समज सर्रास आढळतो. डिझेलचा तेलकट डाग टिकतो. पेट्रोल मात्र इंदापूरच्या उन्हाळ्यात तापलेल्या इंजिनावर पडताच उडून जाते आणि मागे फक्त वास उरतो.

उसातल्या ठिबकच्या नळीचे छिद्र मोटर बंद असताना सापडत नाही. पाणी सोडले की चिळकांडी उडते. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांतही इंधनपंप सुमारे 3 ते 4 बार (हवेच्या दाबाच्या साधारण तितक्याच पट) दाबाने पेट्रोल ढकलतो. म्हणून दाब चढल्यावरच रबरी नळ्या, त्यांचे क्लॅम्प (आवळपट्ट्या), फिल्टरचे सांधे आणि इंजेक्टरच्या (इंधन फवारणाऱ्या तोटीच्या) माथ्याची रबरी कडी तपासतात. उजेडाला टॉर्च घ्यावा, काडी नव्हे. पेट्रोलची वाफ शून्याखाली 40 अंशांनाही पेट घेऊ शकते.

टाकीच्या चिरेवर साबण चोळण्याची जुनी युक्ती पुणे-सोलापूर महामार्गावरून जवळच्या गॅरेजपर्यंत पोचवते खरी, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. दाबाच्या नळीवर ती चालत नाही. तिथे दाब उतरवून, बॅटरीची तार काढून, खास इंधनासाठीचीच नवी नळी बसवावी लागते.